सॅम्पल परत परत हिमोलाइज होतंय? आधी हे बघा, मशीनला दोष नंतर द्या

लॅबमधून फोन येतो, "अहो सॅम्पल हिमोलाइज झालंय, रिकलेक्ट करा." म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटल्यात, परत काढून पाठवा. महिन्यात एखाद्या वेळी आला तर काही वाटत नाही, कुणाकडूनही होतं. पण त्याच सेंटरला, त्याच वॉर्डला दर दोन दिवसांनी हा फोन यायला लागला की समजायचं कुठेतरी काहीतरी कायमचं चुकतंय आणि ते आपोआप सुधारणार नाहीये. मी लॅबच्या बाजूचा माणूस, आमच्याकडे आजूबाजूच्या गावांतल्या कलेक्शन सेंटरमधून ट्यूब येतात, आणि एखाद्या सेंटरचा हा प्रॉब्लेम सुरू झाला की तिथे जाऊन उभं राहून बघायचं काम माझ्याकडेच येतं. बहुतेक ठिकाणी कारणं तीच ती असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ओळखायचं कसं

सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे ट्यूब जोरात फिरवायच्या मशीनमधून, काढल्यावर वरचा सीरम (पेशी खाली बसल्यावर वर राहतो तो पातळ भाग) फिकट पिवळा यायला पाहिजे, तो गुलाबी येतो, जास्त असेल तर सरळ कोकम सरबताच्या रंगाचा. ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, ट्यूबलाइटकडे धरून नाही, ट्यूबलाइटच्या उजेडात हलका गुलाबी रंग दिसतच नाही.

रिपोर्टमधे पोटॅशियम 6.5 किंवा 7 आणि पेशंट समोर बाकावर बसून चहा पितोय. सोबत एलडीएच आणि एसजीओटी ही पेशींतली एन्झाइम पण वाढलेली, फॉस्फरस पण थोडं वर. सगळं एकत्र वर गेलं की हिमोलिसिसचा, म्हणजे पेशी फुटल्याचा, संशय घ्यायचा.

फिरवायच्या आधीच ट्यूबच्या वरच्या बाजूला फेस दिसतो. हा फेस फार बोलका असतो, त्याच्याकडे नंतर येतो.

सीरम एकदम स्वच्छ पिवळा आहे पण पोटॅशियम तरी जास्त येतंय, असं असेल तर तो वेगळा आजार आहे, त्याच्यावर पण खाली लिहिलंय, दोन्हीची गल्लत करू नका.

आणि शेवटचं लक्षण पेशंटच्या तोंडून कळतं, "परत काढायचं? आमचं रक्त काय विकायला नेता का?" ह्याच्यावर हसू नका, त्याचं बरोबर आहे.

हे एवढं महत्त्वाचं का तर लाल पेशीच्या आत पोटॅशियम असतं लिटरला साधारण 140 ते 150 मिलीइक्विव्हॅलंट आणि बाहेर प्लाझ्मात 3.5 ते 5. म्हणजे थोड्याशा पेशी फुटल्या तरी बाहेरचा आकडा उडी मारतो. डॉक्टरने तो आकडा खरा धरला तर नको ती ट्रीटमेंट सुरू होते. उलटं पण होतं, किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम खरंच 7 असतं आणि कुणीतरी म्हणतं "हिमोलाइज असेल हो" आणि सोडून देतं, हे पहिल्यापेक्षा वाईट. आणि तिसरं म्हणजे रिकलेक्ट म्हणजे पेशंटला अजून एक सुई आणि तुमच्या हातात अजून एक वापरलेली सुई. सुई टोचून घेण्याच्या घटना बऱ्याचदा अशा घाईत परत काढतानाच होतात, म्हणून मला सेफ्टी आणि हिमोलिसिस हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत, एकाच घाईची दोन टोकं आहेत.

आता क्रमाने. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

वहीत चार गोष्टी लिहा

एक आठवडा प्रत्येक हिमोलाइज सॅम्पलसमोर लिहायचं: कुणी काढलं, किती वाजता, कुठून काढलं म्हणजे कोपर की हाताची पाठ की सलाईनची नळी, आणि सिरिंज की व्हॅक्यूम ट्यूब (आतली हवा काढलेली, रक्त स्वतः ओढून घेणारी). कुणाला पकडायला नाही, पॅटर्न दिसावा म्हणून, आणि हे आधी स्टाफला स्पष्ट सांगा नाहीतर वहीत काहीच खरं येणार नाही. एकाच माणसाची सॅम्पल जात असतील तर हाताची पद्धत. सगळ्यांची जातायत पण फक्त दुपारच्या खेपेची, तर वाहतूक किंवा ऊन. फक्त इमर्जन्सीची, तर नक्की कॅन्युलातून, म्हणजे हातात लावून ठेवलेल्या सलाईनच्या नळीतून, काढतायत. फक्त नवीन बॉक्स उघडल्यापासून, तर ट्यूब. ही वही न करता थेट सेंट्रीफ्यूज दुरुस्तीला पाठवणारे लोक मी बघितलेत, मशीन ठणठणीत परत येतं आणि प्रॉब्लेम तिथेच.

स्पिरिट वाळू द्या

70 टक्केवालं स्पिरिट लावलं की तीस सेकंद थांबायचं. फुंकर मारायची नाही, कापसाने परत पुसायचं नाही, आणि पुसून झाल्यावर "शीर कुठे गेली" म्हणून बोटाने परत दाबून बघायचं नाही, बघायचीच असेल तर परत स्पिरिट लावा. ओल्या स्पिरिटमुळे थेट किती पेशी फुटतात ह्यावर मतं वेगवेगळी आहेत, माझ्या मते तो मुद्दाच गौण आहे, ओलं असताना टोचलं की झोंबतं, झोंबलं की पेशंट हात ओढतो, हात ओढला की सुई शिरेच्या आत हलते आणि मग पुढचं सगळं बिघडतं. शिवाय जंतू मरतात ते स्पिरिट वाळतानाच. तीस सेकंदांचा खर्च शून्य.

पट्टा आणि मूठ

टॉर्निकेट टोचायच्या जागेपासून चार-पाच बोटं वर, आणि एक मिनिटाच्या आत सुटलं पाहिजे. हे सगळ्यांना पाठ असतं आणि कुणीच पाळत नाही. काय होतं, पट्टा बांधायचा, मग ग्लोव्हज शोधायचे, मग ट्यूबवर नाव टाकायचं, मग कापूस संपलाय म्हणून मावशींना हाक मारायची, तोपर्यंत पेशंटचा हात जांभळा. उपाय सोपा आहे, सगळं ट्रेमधे मांडून झाल्यावरच पट्टा हातात घ्या. शीर शोधायला पट्टा लावला असेल तर सोडा, दोन मिनिटं जाऊ द्या, मग परत बांधा. रक्त ट्यूबमधे यायला लागलं की पट्टा सैल करायचा, सुई काढायच्या आधी तर सुटलेलाच पाहिजे नाहीतर जागेवर गोळा येतो.

आणि ते "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" बंद करा. स्नायू हलले की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं, एक पेशी न फुटता आकडा वाढतो. वर म्हटलं ना, सीरम स्वच्छ आणि पोटॅशियम जास्त, त्याचं पहिलं कारण हेच. मूठ हलकी मिटून धरायला सांगा, बस.

शीर दिसत नाही म्हणून त्या जागेवर थपडा मारणं पण नको. हात खाली सोडायला सांगा, थंडीत कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल गुंडाळा, आजीबाईंना आधी भांडंभर पाणी पाजा आणि पाच मिनिटं बसवा. पाणी चालतं हो, फास्टिंगला पण साधं पाणी चालतं, लोक उगाच कोरडे येतात आणि शिरा बसलेल्या असतात.

ट्यूब हलवायची की ढवळायची

कॉकटेल बनवल्यासारखी ट्यूब हलवणारा एक तरी माणूस प्रत्येक सेंटरला असतोच. ट्यूब उलटी करायची, सरळ करायची, हे एक झालं. जांभळी म्हणजे ईडीटीए आठ ते दहा वेळा, निळी म्हणजे सायट्रेट तीन-चार वेळा (ही दोन्ही रक्त गोठू न देणारी), लाल-पिवळी क्लॉट ॲक्टिव्हेटरवाली (गुठळी लवकर करणारी) पाच-सहा वेळा. हळू, आतला हवेचा बुडबुडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना दिसला पाहिजे. न हलवलेल्या ईडीटीएमधे गुठळी होते आणि सीबीसीत प्लेटलेट खोट्या कमी येतात, म्हणजे अजिबात न हलवणं पण चूक.

सिरिंज, इथे निम्मे प्रॉब्लेम सुटतात

आपल्याकडे लहान सेंटरला अजून सिरिंजच चालते, स्वस्त पडते आणि हाताची सवय असते. सिरिंजवर माझा राग नाही, पण तीन ठिकाणी ती पेशी फोडते.

पहिलं, दांडा जोरात ओढणं. शीर बारीक, सुई बारीक आणि वर अंगठ्याने दांडा शेवटपर्यंत खेचलेला, मग शिरेची भिंत सुईच्या तोंडावर चिकटते, रक्त थेंब थेंब येतं आणि सोबत बुडबुडे. जेवढं रक्त येतंय तेवढाच दांडा मागे यायला पाहिजे, त्याच्या पुढे नाही.

दुसरं, सुईचं तोंड अर्धं आत अर्धं बाहेर. तिरका कापलेला भाग वरच्या बाजूला, कोन तीस डिग्रीच्या आतच, आणि रक्त दिसलं की हात पेशंटच्या हातावर टेकवून स्थिर ठेवायचा. हब (सुईचा प्लास्टिकचा बुंधा) आणि सिरिंजचा जोड सैल असेल तर तिथून हवा ओढली जाते, ती पण फेस करते, टोचायच्या आधी एकदा पिळून घट्ट करा.

तिसरं, आणि सगळ्यात मोठं. एका सेंटरला दुपारच्या वेळी मी नुसता खुर्ची टाकून बसलो होतो, तिथली मुलगी फार हुशार, पहिल्याच टोचणीत शीर, पेशंटला कळलंसुद्धा नाही. मग तिने तीच सुई व्हॅक्यूम ट्यूबच्या रबरात घातली, आणि अंगठ्याने दांडा दाबला. पिचकारीसारखं रक्त ट्यूबच्या काचेवर आपटलं आणि वर बोटाच्या पेराएवढा फेस. तिला विचारलं असं दाबतेस का, तर म्हणाली सर हळू भरतं ना, रांग असते बाहेर. तो फेस म्हणजे फुटलेल्या पेशींची पावती आहे.

दाबायचं नाही. व्हॅक्यूम ट्यूब असेल तर ती स्टँडमधे उभी ठेवा, हातात धरू नका, एका हाताने सिरिंजची सुई रबरातून आत घाला आणि सोडून द्या, ट्यूब स्वतःच हवं तेवढं ओढून घेते. ट्यूब हातात धरून दुसऱ्या हाताने सुई घालताना सुई घसरून डाव्या हाताच्या बोटात जाते, ही आपल्या कामातली नेहमीची इजा आहे, म्हणून स्टँड. ट्रान्सफर होल्डर (सिरिंजमधलं रक्त ट्यूबमधे सोडायचं साधन) मिळत असेल तर तो वापरा, सर्वात चांगलं. आणि साधी झाकणाची ट्यूब असेल तर आधी सुई काढून शार्पच्या डब्यात, मग सिरिंजचं तोंड ट्यूबच्या आतल्या भिंतीला लावून रक्त ओघळू द्यायचं. सुई काढताना टोपण परत लावायचं नाही, दोन हातांनी तर कधीच नाही.

सुई कितीची, ट्यूब कितीची

इथून थोडे पैसे लागतात. मोठ्या माणसाला हिरव्या हबची 21 नंबर, फार तर काळी 22. लहान मुलं आणि अगदी बारीक शिरा असतील तर निळी 23 बटरफ्लाय, म्हणजे पंखवाली, मागे बारीक नळी असलेली सुई. सिरिंजच्या पाकिटात बऱ्याचदा 23 किंवा 24 ची सुई येते, ती इंजेक्शनला ठीक, रक्त काढायला बारीक. बारीक छिद्रातून जोराने ओढलं की पेशी घासतात. 21 च्या सुट्या सुयांचा बॉक्स मागवा, फार महाग नाहीये, एका रिकलेक्टच्या पेट्रोलपेक्षा तर नाहीच.

ट्यूबचं पण तसंच, बारीक शिरेला मोठी व्हॅक्यूम ट्यूब लावली की ती एवढ्या जोरात ओढते की शीर बसते आणि ट्यूब अर्धीच भरते. अशा वेळी लहान, कमी व्हॅक्यूमची ट्यूब घ्या. ट्यूबवरची एक्सपायरी आणि लॉट नंबर बघा, एक्सपायर ट्यूबचा व्हॅक्यूम गेलेला असतो. निळी ट्यूब अर्धी भरली तर ती फेकायचीच, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं माप ठरलेलं आहे, 2.7 मिली रक्त आणि 0.3 मिली सायट्रेट, रक्त कमी पडलं की पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) खोटा लांब येतो आणि वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या काकांचा डोस उगाच बदलला जातो. बटरफ्लायने काढत असाल आणि पहिलीच ट्यूब निळी असेल तर आधी एक फेकायची ट्यूब लावा, नळीतली हवा तिच्यात जाते.

ट्यूबचा क्रम

हा त्या दुसऱ्या आजाराचा, म्हणजे स्वच्छ सीरम पण जास्त पोटॅशियमचा, मोठा गुन्हेगार. क्रम असा: ब्लड कल्चर असेल तर ते सगळ्यात आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळीत पोटॅशियम ईडीटीए असतं. जांभळीनंतर लाल भरली आणि सुईवरचा एखादा थेंब गेला, किंवा ह्याहून भारी, लाल कमी पडली म्हणून कुणीतरी जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं, तर पोटॅशियम वाढतं. पण ह्याची सही वेगळी असते, कॅल्शियम एकदम खाली आणि अल्कलाइन फॉस्फटेज पण खाली, कारण ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं आणि त्या एन्झाइमला लागणारं झिंक-मॅग्नेशियम पण. पोटॅशियम 8 आणि कॅल्शियम 5 असा रिपोर्ट दिसला की पेशंटला नाही, कलेक्शनवाल्याला फोन लावा. ट्यूबमधून ट्यूबमधे ओतणं कधीच नाही, दोन्ही लाल असल्या तरी.

कॅन्युला आणि सलाईन

वॉर्डमधून येणारी हिमोलाइज सॅम्पल बरीचशी इथून. सिस्टर बिचाऱ्या पेशंटला परत टोचायला नको म्हणून लावलेल्या कॅन्युलातूनच ओढतात, हेतू चांगला पण कॅन्युला मऊ असते, ओढलं की दबते आणि पेशी फुटतात. शक्यतो दुसऱ्या हातातून सरळ सुईने काढा. सलाईन चालू असलेल्या हाताच्या वरच्या बाजूने तर काढूच नका, डेक्स्ट्रोज चालू असेल तर शुगर चारशे पाचशे येते आणि बाकी सगळं पातळ. नाइलाज असेल तर डॉक्टरांना विचारून सलाईन निदान दोन मिनिटं बंद, आणि सलाईनच्या जागेच्या खालून. तसं काढलं हे फॉर्मवर लिहा, लपवू नका.

डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला हात लावायचा नाही, पट्टा पण नाही. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात टाळायचा, पेशंट स्वतः सांगेलच असं नाही, विचारा.

काढून झाल्यावरचा प्रवास

आधी ट्यूब अर्धा तास उभी ठेवून गुठळी होऊ द्या, ॲक्टिव्हेटर नसलेली साधी असेल तर तासभर. वॉर्फरिन, हेपरिनवाल्यांना अजून वेळ लागतो. अर्धवट गोठलेलं फिरवलं की वर जेलीसारखे धागे येतात, मग लोक काडीने ढवळतात, मग ते हिमोलाइज होतं. दोन तासांच्या आत सीरम वेगळा झाला पाहिजे. जेल ट्यूब (फिरवल्यावर सीरम आणि पेशींच्या मधे जेलचा थर बसतो ती) एकदा फिरवली की परत फिरवायची नाही, जेलखाली पेशींसोबत राहिलेला सीरम वर येतो आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

न फिरवलेली लाल ट्यूब फ्रिजमधे ठेवायची नाही. हे सगळ्यांना उलटं वाटतं, थंड ठेवलं तर चांगलं ना? पेशीच्या भिंतीवरचा पंप पोटॅशियम आत ढकलत असतो, थंडीत तो बंद पडतो आणि पोटॅशियम झिरपून बाहेर येतं, सीरम दिसतो स्वच्छ, आकडा खोटा. उलट बाहेर गरम ठेवलं तर शुगर तासाला पाच ते सात टक्के कमी होते, म्हणून शुगरला राखाडी ट्यूब.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मधे बाइकच्या डिक्कीत काय तापमान होत असेल ते सांगायला नको. मग कुणीतरी शहाणपणा करून आइसपॅक टाकतो आणि ट्यूब त्याला चिकटून बसतात, एका बॉक्समधे मी बघितलं होतं, आइसपॅकला टेकलेल्या ओळीतल्याच ट्यूब लाल, पलीकडच्या ओळीतल्या ठीक. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतातच. आइसपॅक आणि ट्यूबच्या मधे जाड थर्माकोल किंवा टॉवेल, ट्यूब स्टँडमधे उभ्या, आणि खराब रस्त्याला बॉक्स डिक्कीत न टाकता खांद्यावर. सर्वात चांगलं म्हणजे सेंटरलाच फिरवून, सीरम वेगळा करून पाठवा.

सेंट्रीफ्यूज

आता मशीन. जेल ट्यूबला साधारण 1000 ते 1300 जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट जोर), दहा मिनिटं, तरी ट्यूबच्या कंपनीने काय दिलंय ते बघा. लोक म्हणतात "आम्ही 3000 वर फिरवतो", पण 3000 आरपीएम (मिनिटाला फेरे) प्रत्येक मशीनवर सारखं नसतं, रोटरची त्रिज्या 10 सेंटीमीटर असेल तर साधारण 1000 जी, 15 असेल तर 1500 च्या वर. त्रिज्या पट्टीने मोजा. समोरासमोर सारख्या वजनाच्या ट्यूब, झाकण बंद, पूर्ण थांबल्याशिवाय उघडायचं नाही, हाताने थांबवायचं तर अजिबात नाही. थरथरतंय, आवाज येतोय, बाहेर काढल्यावर ट्यूब हाताला कढत लागतेय, असं असेल तर तिथे थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. ब्रश बदलणं, स्पीड टॅकोमीटरने तपासणं ही त्याची कामं आहेत. स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः उघडू नका, फिरणारा रोटर निसटला तर काय होतं ते बघायची वेळ येऊ नये.

कधी हात थांबवायचा

दोन वेळा टोचलं, नाही मिळालं, तर थांबा आणि दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवा. तिसऱ्यांदा "आता मिळेल" म्हणून आत सुई फिरवत राहणं हे हिमोलिसिस, हातावर काळंनिळं आणि पेशंटचा विश्वास, तिन्हीचं नुकसान.

टोचल्यावर पेशंट "करंट लागला" म्हणाला, बोटांपर्यंत कळ गेली, तर लगेच सुई बाहेर. शिरेशेजारी नस म्हणजे नर्व्ह आहे. कोपराच्या मधली किंवा अंगठ्याच्या बाजूची शीर पहिली निवडा, करंगळीच्या बाजूची शेवटी, कारण तिथे धमनी आणि मोठी नस जवळ असते. मुंग्या, बधिरपणा थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, "होईल बरं" म्हणून घरी पाठवायचं नाही.

लालभडक रक्त उसळत आलं तर धमनी. पट्टा सोडा, सुई काढा, किमान पाच मिनिटं घट्ट दाबून धरा, स्वतः, पेशंटच्या हातात देऊ नका, आणि डॉक्टरांना कळवा. एरवी पण कोपर दुमडून कापूस धरायची जी आपली पद्धत आहे ती सोडा, हात सरळ ठेवून दाबायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर जास्त वेळ. हिमोफिलियाचा (रक्त नीट न गोठण्याचा आजार) पेशंट असेल तर सेंटरला किंवा घरी जाऊन काढायच्या फंदात पडू नका, हॉस्पिटलमधेच.

चक्कर यायला लागली, घाम, चेहरा पांढरा, तर पट्टा सोडा, सुई बाहेर, आडवं झोपवा, पाय वर. पाणी तोंडात ओतू नका शुद्धीवर येईपर्यंत. एक-दोन मिनिटांत सुधारणा नाही तर डॉक्टर.

तुम्हालाच सुई लागली तर: सगळं सोडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळायचं नाही, चोखायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. लगेच वरिष्ठांना सांगा आणि जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) किंवा कॅज्युअल्टीला जा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचं, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि 28 दिवस घ्यावं लागतं. पण खरं सांगायचं तर आपल्याला जास्त धोका हिपॅटायटिस बीचा, त्याची लस 0, 1 आणि 6 महिन्यांना, आणि नंतर अँटीबॉडी तपासून 10 च्या वर आहे का बघायचं. लस न घेता सुई हातात धरणारे अजूनही भेटतात, कमाल वाटते.

आणि आता सर्वात अवघड केस. वरचं सगळं केलं, दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या हातांतून सरळ सुईने काढलं, बाकी सगळ्यांची सॅम्पल स्वच्छ आणि ह्या एकाच पेशंटची परत लाल. मग ते कलेक्शन नाहीये. पेशी अंगातच फुटतायत. अशी सॅम्पल फार थोडी असतात पण ती "रिकलेक्ट" म्हणून परत पाठवत बसणं धोक्याचं आहे. विचारा, लघवी काळसर चहासारखी होतेय का, डोळे पिवळे आहेत का, थंडी-ताप आहे का, एवढ्यात रक्त चढवलंय का, नवीन गोळी सुरू झालीय का. मलेरिया, जी6पीडी ह्या लाल पेशीतल्या एन्झाइमची कमतरता, चुकीचं रक्त चढणं, ह्यात असं होतं. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडचे लोक असतील तर सिकलसेल पण डोक्यात ठेवा. रक्त चढवणं चालू असतानाचं सॅम्पल असेल तर फोन करून आधी ते थांबवायला सांगा, रिपोर्ट नंतर. हे निदान आपलं काम नाही, पॅथॉलॉजिस्ट आणि डॉक्टरांना थेट फोन करायचा, मेसेज टाकून गप्प बसायचं नाही, आणि ती लाल ट्यूब फेकायची नाही, त्यांना लागते.

हिमोलाइज सॅम्पलच्या पोटॅशियममधून अमुक एवढं वजा करून रिपोर्ट द्यायचा हा जुगाड कुणी शिकवला असेल तर तो सोडा. आणि पेशंट किडनीचा असेल, ईसीजी बदललेला असेल, तर रिकलेक्ट होईपर्यंत थांबा असं सांगायचा अधिकार आपला नाही, आकडा आणि "सॅम्पल हिमोलाइज" हे दोन्ही डॉक्टरांना कळवा, काय करायचं ते ठरवतील.

लेबलचं राहिलं. रिकलेक्टच्या गडबडीत ट्यूब बदलतात म्हणून लिहितो. "पाटीलकाका ना?" असं विचारलं की कुणीही हो म्हणतं, गावात अर्धे पाटीलच असतात. "पूर्ण नाव आणि वय सांगा" असं विचारा आणि फॉर्मशी जुळवा. लेबल लावायचं ते रक्त काढून झाल्यावर, पेशंट समोर असतानाच, आधीच चिकटवून ठेवलेल्या ट्यूबची ओळ नको. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, डबा तीन चतुर्थांश भरला की बंद, रक्ताच्या प्लास्टिक ट्यूब आणि सिरिंज लाल पिशवीत, कापूस पिवळ्या पिशवीत. जुन्या हिमोलाइज ट्यूब ड्रॉवरमधे साठवून ठेवलेल्या एका सेंटरला सापडल्या होत्या, लेबलसकट, त्या त्याच दिवशी लाल पिशवीत घालायला लावल्या.